नाणेफेकीचं वैद्यक

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाच्या ठोक्यांची दिवसभर नोंद घेतली, तर त्यात पुष्कळदा एक गंमत दिसते. शिस्तीत चाललेल्या ठोक्यांच्या रांगेत मधूनच एखादा आगंतुक ठोका घुसतो. तो वेळेआधी पडतो आणि निघून जातो. त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. पण ज्यांच्या नोंदीत असे ठोके फार, ते पुढे अचानक दगावण्याचं प्रमाणही जास्त, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. मग पुढचा विचार शाळकरी मुलालाही सुचेल असा होता: हे ठोके बंद करा, माणसं वाचतील. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते काम झकास करत. ती सर्रास लिहून दिली जाऊ लागली.

१९८७ मध्ये अमेरिकेत या औषधांची मोठी चाचणी सुरू झाली. तिचं नाव ‘कास्ट’. ज्यांचे आगंतुक ठोके औषधाने खरोखर आटोक्यात येतात, अशाच रुग्णांना तिच्यात घेतलं होतं. त्यांतल्या १,४९८ जणांची निव्वळ नशिबावर वाटणी झाली. ७५५ जणांना औषध मिळालं आणि ७४३ जणांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नव्हतं, त्याच्या डॉक्टरलाही नव्हतं. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ६३ जण दगावले, तर पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी २६. एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी तातडीने थांबवावी लागली.

औषधाने आपलं काम चोख बजावलं होतं. आगंतुक ठोके गेले होते, आणि त्यांच्यापाठोपाठ माणसंही गेली होती. ही औषधं हृदयातल्या विजेचा वेग मंद करतात. झटक्याने जखमी झालेल्या स्नायूत तेच मंदावणं वेगळ्या, जीवघेण्या गोंधळाला वाट करून देऊ शकतं, असा उलगडा मागाहून झाला.

मला थक्क करतं ते याच्या पुढचं. ही गोष्ट रुग्णाच्या उशाशी बसलेल्या कोणत्याही डॉक्टरला, तो कितीही निष्णात असला तरी, दिसणं शक्यच नव्हतं. आधीच झटका येऊन गेलेला रुग्ण दगावला की दोष आजाराच्या माथी जायचा, वाचला की श्रेय औषधाच्या खाती. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसं तशी नसतात. प्रत्येकाचं भांडं वेगळं, आचही वेगळी.

या अडचणीवरचा तोडगा जवळजवळ पोरखेळ वाटावा इतका साधा आहे. कोणाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरने ठरवायचं नाही, रुग्णानेही नाही. ते नाणेफेकीवर सोडायचं. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं नवं औषध फार थोडं उपलब्ध होतं. सगळ्यांना पुरणार नव्हतंच. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने १०७ रुग्णांची वाटणी यदृच्छ आकड्यांच्या तक्त्यावरून केली आणि ती बंद पाकिटांत ठेवली. पाकीट उघडेपर्यंत कोणालाच काही कळत नसे. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. फक्त विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४ गेले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासापासून आधुनिक क्लिनिकल ट्रायलचा काळ मोजतात.

नाणेफेकीची खरी किमया अशी, की आपल्याला माहीत असलेल्या गोष्टी ती दोन्ही बाजूंना सारख्या वाटतेच, पण माहीत नसलेल्याही वाटते. वय, वजन, रक्तदाब यांची जुळणी काळजीपूर्वक करता येईल. पण ज्या जनुकाचा अजून शोधच लागलेला नाही, किंवा जे दुःख रुग्णाने कोणालाच सांगितलेलं नाही, त्याची जुळणी कोण करणार? माणसं पुरेशी असली की नाणं तेही करतं. दोन गटांत फरक उरतो तो एकाच गोष्टीचा. म्हणून शेवटी निकालात योगायोगापेक्षा मोठा फरक आला, तर तो त्या एका गोष्टीकडेच बोट दाखवतो.

आता रक्ताकडे वळू. १९४२ मध्ये मेयो क्लिनिकच्या अ‍ॅडम्स आणि लंडी या दोन डॉक्टरांनी लिहिलं, की शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन ८ ते १० च्या खाली असेल तर रक्त देणं शहाणपणाचं. हा होता अनुभवातून आलेला सल्ला. पण पुढे त्यातले १० घट्ट रुजले आणि जगभरच्या वॉर्डांत नियम झाला: दहाच्या खाली गेलं, चढवा पिशवी. तर्कही बिनतोड होता. रक्त प्राणवायू वाहतं, आजारी शरीराला प्राणवायू हवा, तेव्हा जास्त रक्त म्हणजे जास्त बळ. नुसतं निरीक्षण करून हे पडताळणंही अवघड, कारण जो जास्त आजारी त्यालाच जास्त रक्त दिलं जातं. मग रक्त घेतलेले जास्त दगावले, तर ते रक्तामुळे की आजारामुळे?

पन्नासहून अधिक वर्षं हा नियम चालला. मग कॅनडात पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी आयसीयूतल्या ८३८ रुग्णांवर ‘ट्रिक’ ही चाचणी केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. एका गटाला हिमोग्लोबिन १० च्या खाली जाताच रक्त मिळे, दुसऱ्याला ७ च्या खाली गेल्यावरच. तीस दिवसांत हात सैल सोडलेल्या गटात २३.३ टक्के दगावले, हात आखडलेल्या गटात १८.७ टक्के. हा फरक योगायोगाचा नाहीच, असं छातीठोकपणे म्हणण्याइतका मोठा नव्हता. पण काटकसरीने नुकसान झालं नाही, हे स्पष्ट होतं, आणि रक्त तर निम्म्याहून कमी लागलं होतं. २०१३ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी रक्ताच्या उलट्या होणाऱ्या किंवा पोटात रक्तस्राव झालेल्या ९२१ रुग्णांवरच्या अशाच चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्याचं रक्त डोळ्यांदेखत वाहून जातंय त्याला हात राखून रक्त द्यायचं, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. पण सहा आठवड्यांनी काटकसरीच्या गटातले ९५ टक्के जिवंत होते, उदार गटातले ९१.

मग दुसरा तर्क पुढे आला: दोष रक्ताचा नसेल, शिळेपणाचा असेल. पिशवीतलं रक्त ४२ दिवसांपर्यंत ठेवता येतं. त्या काळात लाल पेशी ताठर होत जातात, आणि प्राणवायू मोकळा सोडायला मदत करणारं त्यांच्यातलं एक रसायन घटत जातं. प्रयोगशाळेत हे स्पष्ट मोजता येतं. म्हणजे ताजं रक्त चांगलं असणारच! २०१५ मध्ये ‘एबल’ आणि २०१६ मध्ये ‘इन्फॉर्म’ या चाचण्यांचे निष्कर्ष आले. दुसरीत तर वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. ताजं आणि जुनं यांत जगण्या-मरण्याचा फरक सापडला नाही. पेशी बदलतात हे खरंच, पण त्या बदलाचं रुग्णाच्या जगण्यावर वजन किती, हे सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही.

एव्हाना ‘कमी रक्तही पुरतं’ हाच नवा नियम होऊ लागला होता. आणि इथे हृदयाने आपली वेगळी कहाणी सांगितली. शरीर विश्रांती घेत असताना बहुतेक अवयव मिळून रक्तातला साधारण पाव हिस्सा प्राणवायू काढून घेतात. बाकीचा शिलकीत. हृदयाचा स्नायू मात्र नेहमीच सत्तर-पंचाहत्तर टक्के काढून घेतो. त्याच्यापाशी शिल्लक अशी नाहीच. जास्त प्राणवायू हवा तर जास्त रक्तप्रवाह हवा, आणि झटका म्हणजे तर प्रवाहच अडलेला. मग झटका आलेल्या, हिमोग्लोबिन उतरलेल्या माणसालाही कमी रक्त पुरेल का?

जेफ्री कार्सन यांच्या नेतृत्वाखाली ‘मिंट’ ही चाचणी सहा देशांतल्या सुमारे ३,५०० रुग्णांवर झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिलाडेल्फियाच्या हृदयपरिषदेत तिचा निकाल सांगितला गेला. तीस दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा झटका, हे काटकसरीच्या गटात १६.९ टक्क्यांना आणि सढळ गटात १४.५ टक्क्यांना झालं. संख्याशास्त्राची रूढ रेषा हा फरक अगदी थोडक्यात ओलांडू शकला नाही. म्हणजे कागदोपत्री ‘फरक सिद्ध नाही’. पण कल कुठे आहे ते दिसतंच, आणि झटक्याच्या रुग्णाबाबत डॉक्टर आता हात तितकासा आखडत नाहीत. एकाच प्रश्नाला आयसीयूतलं शरीर एक उत्तर देतं आणि अडलेलं हृदय दुसरं.

त्याच परिषदेत आणखी एका चाचणीचा निकाल आला, तो लठ्ठपणाच्या औषधाचा. त्याचं अप्रूप कळायला थोडा इतिहास हवा. वजन जास्त तर हृदयविकार जास्त, हे जुनं निरीक्षण. म्हणजे वजन उतरवा, हृदय वाचेल. सिब्युट्रामिन नावाची गोळी भूक कमी करायची, वजनही उतरायचं. सुमारे १०,७०० लोकांवरच्या ‘स्काउट’ चाचणीत मात्र झटके आणि पक्षाघात यांसारखे प्रसंग पोकळ गोळीवाल्यांत १० टक्के, तर सिब्युट्रामिनवाल्यांत ११.४ टक्के निघाले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ती गोळी गेली, पाठोपाठ भारतातूनही. बरं, औषधच वाईट असेल म्हणावं, तर अमेरिकेत ५,१४५ मधुमेही लोकांपैकी निम्म्यांना आहार आणि व्यायामाची कडक शिस्त लावून दहाएक वर्षं पाहिलं गेलं. वजन उतरलं, साखर सुधारली, झोपेतला श्वास सुधारला, चालणं-फिरणं सोपं झालं. झटक्यांचं प्रमाण मात्र हललं नाही.

या पार्श्वभूमीवर आली ‘सिलेक्ट’ चाचणी: ४१ देश, १७,६०४ माणसं, आठवड्याला सेमाग्लुटाइडचं एक इंजेक्शन. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक सुटतं. ते मेंदूला पोट भरल्याची खबर देतं आणि दोनेक मिनिटांत अर्धं नाहीसं होतं. सेमाग्लुटाइड हा त्याचाच घडवून घेतलेला जुळा. त्याला जोडलेली मेदाची शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून बसते, म्हणून तो आठवडाभर टिकतो. चाचणीतल्या सगळ्यांना आधीच हृदयविकार, पक्षाघात किंवा रक्तवाहिन्यांचा आजार होता. मधुमेह कोणालाच नव्हता. साधारण सव्वातीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात हे पोकळ इंजेक्शनच्या गटात हजारी ८० जणांना झालं, औषधाच्या गटात हजारी ६५ जणांना. मळमळ-उलट्यांसारख्या त्रासांनी औषध सोडणारेही पुष्कळ होते. लठ्ठपणाच्या औषधाने मधुमेह नसलेल्यांचं हृदय राखलं, असं मोठ्या चाचणीत प्रथमच दिसलं.

आणि नवल पुढेच आहे. दोन गटांचे आलेख वजन फारसं उतरण्याआधीच एकमेकांपासून फाकू लागले होते. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात दिसलं, की ज्यांचं वजन जेमतेम उतरलं त्यांनाही साधारण तितकाच फायदा झाला. म्हणजे वजनाच्या काट्याने हृदयाचा निकाल सांगता येत नाही. जळजळ कमी होणं, रक्तवाहिन्यांवरचा थेट परिणाम, पोटाभोवतीची चरबी, असे अनेक धागे आता तपासले जात आहेत.

नाणं मात्र उत्तर देतं ते ज्यांच्यासाठी उडवलं त्यांच्यापुरतंच. ‘सिलेक्ट’मध्ये येण्यासाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, किमान २७ असण्याची अट होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. काट्यावर सडपातळ ठरणाऱ्या भारतीय शरीरात चरबी कशी दडलेली असते, हे त्या एका चित्राने जगाला दाखवलं. असा बारीक दिसणारा, पोट थोडं सुटलेला, झटका येऊन गेलेला माणूस आपल्याकडे कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाच्या दाराशी भेटतो. ‘सिलेक्ट’च्या अटींत तो बसत नाही, म्हणून तिचा निकाल त्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

अशा माणसांसाठी वेगळी चाचणी हवी, आणि ती उभी राहते ती माणसांच्या होकारावर. होकार देणाऱ्याला समोरच्या डॉक्टरकडून ऐकून घ्यावं लागतं, की यातलं बरं कोणतं हे मला ठाऊक नाही, म्हणूनच तुमची वाटणी नशिबावर होईल. हे बोलायला डॉक्टरला जितकं धैर्य लागतं, त्याहून जास्त ते ऐकून सही करणाऱ्याला लागतं. वर आलेले बरेचसे निकाल अशा सह्यांतूनच निघालेले आहेत.