जुने टायर खरोखर स्वस्त पडतात काय?

शाळेची मिनीबस, पंचायत समितीने भाडेतत्त्वावर घेतलेली जीप अथवा शिक्षकाने कर्ज काढून घेतलेली लहान मोटार, यांपैकी कोणत्याही वाहनाचे टायर झिजले की मालकापुढे एकच प्रश्न उभा राहतो. नवे टायर घ्यावेत की वापरलेल्या टायरांवर निभावून न्यावे? शासकीय वाहनांच्या बाबतीत खरेदीच्या नियमांमुळे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. परंतु अधिकारी, कर्मचारी व विद्यार्थी आज ज्या वाहनांतून प्रवास करतात त्यांपैकी कितीतरी वाहने खासगी मालकीची असतात. त्या मालकाने टायर कोठून घेतला हे प्रवाशास ठाऊक नसते. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या टोकाला जुन्या टायरांचे दुकान असतेच, आणि तेथे निम्म्या किमतीत चकचकीत काळा टायर मिळतो. हा व्यवहार फायद्याचा आहे किंवा कसे, हे थोडे तपासून पाहावयास हवे.

चालत्या मोटारीचा रस्त्याशी येणारा संबंध फार थोडा असतो. प्रत्येक चाकाचा हाताच्या पंजाएवढा भाग काय तो रस्त्याला टेकतो. वेग देणे, वळवणे व थांबवणे ही सर्व कामे त्या चार पंजांवर चालतात. शिवाय चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग जमिनीला टेकताच दबतो व सुटताच पूर्ववत होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीच्या टायरमध्ये ही क्रिया सेकंदाला सतरा-अठरा वेळा घडते. त्यातून उष्णता निर्माण होते. सांगाडा धडधाकट असेल तर ती सोसली जाते. आत कोठे चीर असेल, पोलादी तारांचा थर रबरापासून सुटू लागला असेल, तर टायर फुटतो. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने वर्षभर निमूटपणे चाललेला टायर अशा सलग, वेगवान मार्गावर तासाभरात दगा देऊ शकतो. परिवहन विभागाने २०२३ मध्ये या महामार्गावर वाहनांच्या टायरांची तपासणी हाती घेतली, त्यामागील कारण हेच होते.

नक्षीचा हिशेब

टायरवरील नक्षी शोभेसाठी नसते. पावसात रस्त्यावर साचलेले पाणी तिच्या खाचांतून बाहेर फेकले जाते. खाचा उथळ झाल्या की पाण्याला वाट उरत नाही, टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि ब्रेक व सुकाणू दोन्ही निरुपयोगी ठरतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार मोटारीच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. टायरच्या खाचांत ठरावीक अंतरावर रबराचे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीस आली की टायरची मुदत संपली असे समजावे. आपल्याकडे ज्याला ‘गोटा झालेला टायर’ म्हणतात, तो ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेला असतो.

आता किमतीकडे वळू. मोटारीच्या नव्या टायरची नक्षी साधारणतः ८ मिलिमीटर खोल असते. १.६ मिलिमीटरला तो काढून टाकावयाचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरावयास ६.४ मिलिमीटर मिळतात. ४ मिलिमीटर नक्षी शिल्लक असलेला जुना टायर घेतल्यास वापरावयास २.४ मिलिमीटरच मिळतात. उदाहरणादाखल नवा टायर ५,००० रुपयांस व जुना २,५०० रुपयांस मिळतो असे धरू. नव्याचा दर मिलिमीटरमागे सुमारे ७८१ रुपये पडतो, तर जुन्याचा सुमारे १,०४२ रुपये. निम्म्या किमतीचा टायर प्रत्यक्षात महाग ठरला! चढवण्या-उतरवण्याची व तोल साधण्याची मजुरी वारंवार द्यावी लागते, ती वेगळीच. आंबोली किंवा ताम्हिणीसारख्या घाटांतून पावसाळ्यात नित्य ये-जा करणाऱ्याने नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ न देणे श्रेयस्कर. तसे केल्यास नव्या टायरचे ५ मिलिमीटर वापरता येतात व जुन्याचा अवघा एक. अशा वाहनधारकाने त्या जुन्या टायरसाठी नव्याच्या एक-पंचमांशापेक्षा अधिक पैसे मोजणे म्हणजे पदरचे घालवणे होय.

वय कसे ओळखावे

नक्षी डोळ्यांना दिसते, वय दिसत नाही. प्राणवायू, ओझोन, ऊन व उष्णता यांमुळे रबर हळूहळू कडक होते व त्याला बारीक भेगा पडतात. टायर वापरात नसला तरी ही क्रिया थांबत नाही. रबरात मिसळलेले संरक्षक मेण टायर चालता असतानाच पृष्ठभागावर चांगले पसरते, त्यामुळे उभ्या वाहनाचे टायर नक्षी शाबूत असूनही निकामी होऊ शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात उन्हात उभ्या असणाऱ्या, वर्षाकाठी थोडेच अंतर तोडणाऱ्या रुग्णवाहिकेबाबत हा धोका विशेष संभवतो; आणि तिला जेव्हा धावावे लागते तेव्हा वेगानेच धावावे लागते. स्टेपनीचेही तसेच आहे.

उत्पादनाचा काळ टायरच्या बाजूवर चार अंकांत कोरलेला असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ‘३५२१’ याचा अर्थ २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्टअखेरचा सुमार. अनेक टायरांवर हे अंक एकाच बाजूस असतात, तेव्हा ते न दिसल्यास दुसरी बाजू पाहावी. अंक घासून काढलेले आढळल्यास तो टायर घेऊ नये. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी व दहा वर्षांनंतर नक्षी कितीही दिसली तरी टायर काढून टाकावा, असा काही प्रमुख उत्पादकांचा सल्ला आहे. कित्येक मोटार कंपन्या तर सहा वर्षांचीच मुदत सांगतात. नवा टायर घेतानाही ही तारीख व आय.एस.आय. चिन्ह पाहून घ्यावे. २००९ च्या केंद्रीय आदेशान्वये हे चिन्ह अनिवार्य करण्यात आले आहे.

पुनःस्तरणाचा मार्ग

जुना टायर सर्वस्वी त्याज्य आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. राज्य मार्ग परिवहन महामंडळ झिजलेल्या टायरांवर नवा थर चढवण्याचे, म्हणजे पुनःस्तरणाचे काम स्वतःच्या केंद्रांत करीत आले आहे. बस व ट्रकचा सांगाडा एकाहून अधिक थर सोसेल असा भक्कम बनवलेला असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो टायर कोणत्या गाडीवर किती चालला व कधी दुरुस्त झाला याची नोंद धन्याजवळ असते. बाजारातल्या जुन्या टायरजवळ नेमकी हीच नोंद नसते. तो अपघातग्रस्त गाडीचा आहे, की हौसेने मोठे टायर बसवणाऱ्याने नव्या गाडीवरून उतरवलेला, हे विक्रेता सांगेल तेच खरे मानावे लागते. यांपैकी दुसऱ्या प्रकारचा टायर उत्तम असतो, हेही मान्य केले पाहिजे. पण प्रत्येक विक्रेता आपला माल त्याच प्रकारातला असल्याचे सांगतो. पुनःस्तरित टायर जड वाहनांच्या मागील चाकांस योग्य होत. पुढील, सुकाणूच्या चाकांस ते लावू नयेत.

वापरलेला टायर घेणे अपरिहार्यच असेल तर तो रिमवरून उतरवलेला असताना, पॉलिश पुसून, उजेडात पाहावा. आत हात फिरवून पाहावा. आतील कडेस रबराची काळी भुकटी किंवा चुरगळल्याचा पट्टा दिसल्यास तो टायर हवेविना चालवला गेला आहे असे समजावे. बाजूच्या भिंतीवर फुगा, ठिगळ किंवा आत गेटर आढळल्यास पुढे बोलणेच नको. खाचा मुद्दाम खोल कोरलेला टायर सर्वांत फसवा. त्यात तळाचे उंचवटे कापले गेलेले दिसतात. मोटारीचा टायर असा कोरण्यासाठी बनवलेलाच नसतो, व कोरल्यावर तारांवर रबराचे जेमतेम आवरण उरते. भार व वेग दर्शवणारे आकडे वाहनाच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावेत. ‘९१’ म्हणजे प्रत्येक चाकावर ६१५ किलो, ‘८२’ म्हणजे ४७५ किलो.

दोनच नवे टायर घेण्याची ऐपत असेल तर मोटारीच्या मागील चाकांना ते बसवावेत. हे अनेकांस उलटे वाटते. परंतु ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर चालकास ते सुकाणूवर जाणवते व तो वेग कमी करतो. मागची घसरली तर मोटार गर्रकन फिरते आणि सावरावयास अवधी मिळत नाही. एकाच आसावर निरनिराळ्या मापाचे टायर असू नयेत.

शालेय वाहनांसाठी राज्याने २०११ मध्ये स्वतंत्र नियम केले असून त्यांत शाळास्तरावरील परिवहन समितीची तरतूद आहे. या समितीने सत्राच्या आरंभी, मृगाच्या पावसापूर्वी, प्रत्येक वाहनाची नक्षीची खोली व टायरांचे चार अंकी आकडे नोंदवहीत उतरवून घेतले तर मुख्याध्यापकांचा अर्धा तास खर्च होईल. खोली मोजण्याचे साधन अल्प किमतीत मिळते.

राहता राहिला उतरवलेल्या टायरचा प्रश्न. कार्यालयांचे निर्लेखित टायर लिलावात गेले की त्यांतील काही पॉलिश होऊन पुन्हा त्याच बाजारात येऊ शकतात. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी टाकाऊ टायरांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली असून नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रांची व्यवस्था केली आहे. माल तेथेच जाईल अशी अट लिलावात घालता येते. बैलगाडीच्या संथ चालीला जुना टायर चालतो, तेथे तो खुशाल वापरावा. परंतु पंक्चरच्या दुकानामागे किंवा घराच्या छपरावर उघडा पडलेला टायर पावसाचे पाणी धरून ठेवतो व डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्यातच अंडी घालतो. ग्रामपंचायतीने जूनपूर्वी असे टायर आच्छादित जागी हलवावेत अथवा त्यांना भोके पाडून पाणी वाहते करावे.