लोखंडाची दैवते

दरवर्षी १७ सप्टेंबरला भिलाईच्या पोलाद कारखान्यात विश्वकर्म्याची पूजा होते. खंडेनवमीला आपण विळी-कोयत्याला हळदकुंकू लावतो, त्यामागचा भाव याहून निराळा नाही. वस्तूत, झाडात, डोंगरात कोणीतरी जागृत आहे असे मानण्याच्या या वृत्तीला अभ्यासक 'जडप्राणवाद' म्हणतात. शब्दच जरा जड आहे खरा!

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. परंतु तिच्या कितीतरी आधीपासून उत्तरेकडील मैकल डोंगरांतले अगरिया मातीच्या लहानशा भट्ट्यांत, पायांनी भाते तुडवून, दगडातून लोखंड काढीत आले होते. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्यात भट्टीची तीन दैवते येतात : लोहासुर, कोळशाचा कोयलासुर आणि अग्नीचा अग्यासुर. आपल्या पुराणांनी ज्यांना शत्रू ठरविले, ते असुर येथे पूज्य आहेत! पुढे भट्ट्यांवरील करामुळे आणि बाजारातल्या स्वस्त लोखंडामुळे हा व्यवसाय खालावला.

जपानातही असेच घडले. मात्र तेथील लोहदैवते आणि वनदैवते लोकांच्या करमणुकीत टिकून राहिली. इझुमो प्रांतातील लोहार कानायागो देवीला भजत. त्यांची 'तातारा' भट्टी तीन दिवस, तीन रात्री अखंड धगधगे. हायाओ मियाझाकी यांच्या १९९७ च्या 'मोनोनोके हिमे' या चित्रपटात हीच भट्टी आहे. परंपरेने स्त्रियांना भट्टीपाशी मज्जाव असे; मियाझाकींनी मात्र भाते त्यांच्याच पायी दिले. भट्टीसाठी वन तुटते, लोखंडाची गोळी रानडुकराच्या रूपातील देवाच्या देहात रुतते आणि त्याच्या द्वेषाचा शाप होतो. तरीही भट्टीची मालकीण दुष्ट नाही. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आणि महारोग्यांना तिनेच आसरा दिला आहे. कथा खिळवून ठेवते ती यामुळेच.

हा पेच केवळ पडद्यावरचा नव्हे. दल्ली-राजहऱ्याचे साठे आटू लागल्यामुळे भिलाईसाठी दक्षिणेकडील रावघाटच्या डोंगरांतून खनिज काढण्यास आरंभ झाला आहे. तिथल्या आदिवासींच्या लेखी ते डोंगर म्हणजे राजाराव या देवाचे ठाणे. खाणीला विरोध करताना त्यांनी जमीन आणि जंगल यांच्याबरोबर या देवाचेही नाव घेतले आहे.