फुईचा झोका जोरात की पिंकीचा?

समजा, आखाजीचा दिवस आहे. भडगावात गिरणाकाठच्या एका मळ्यात कडुनिंबाच्या जाड फांदीला लांबलचक झोका बांधलाय. आधी त्यावर फुई बसली. (फुई म्हणजे आत्या हो!) मग तिची पाच वर्षांची पिंकी बसली. सांगा बरं, एकदा जाऊन परत यायला कुणाला कमी वेळ लागेल?

‘पिंकीला! ती हलकी आहे ना!’ ‘छे, फुईला! जड माणूस धाडकन खाली येणार!’ अरे, थांबा थांबा! भांडू नका, मोजूनच बघू.

पण आधी आखाजीबद्दल थोडंसं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. रब्बीचं धान्य घरात आलेलं असतं आणि पावसाला अजून अवकाश असतो. मग खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात. घरोघरी गौराई बसते, पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, पुरणपोळी आणि आमरसाचा बेत होतो. अन् झोका तर हवाच! असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आखजीवर कविता केली, तिच्यातही निंबावरचा झोका आहेच.

आता प्रयोग. दोऱ्याला एक खडा बांधा. दोरा वरून खड्याच्या मध्यापर्यंत 1 मीटर भरला पाहिजे. तो खिळ्याला लटकवा, जरासा बाजूला ओढा आणि सोडून द्या. जाऊन परत आला की एक हेलकावा. असे दहा मोजा. घड्याळात साधारण 20 सेकंद होतील. आता दुप्पट जड खडा बांधा, लांबी मात्र तेवढीच ठेवा. किती झाले? पुन्हा 20 सेकंदच!

असं कसं? जड खड्याला पृथ्वी जास्त जोरानं ओढते, हे खरं. पण जड वस्तू हलवायलाही जास्त जोर लागतो. गाडीत माल दुप्पट भरला आणि बैलही दुप्पट जुंपले, तर गाडी पहिल्याइतक्याच वेगानं चालेल ना? तसंच हे. म्हणून फुई आणि पिंकी, दोघींचा झोका जवळजवळ सारख्याच वेळात जाऊन येतो. भांडण मिटलं!

मग वेळ बदलतो कशानं? लांबीनं. तोच दोरा 25 सेंटीमीटरचा करा. आता दहा हेलकावे 10 सेकंदांतच उरकतात. म्हणजे वेळ निम्मा करायचा तर लांबी पाव करावी लागते. अंगणातला बुटका झोका लगबगीनं हलतो आणि निंबाच्या उंच फांदीचा झोका ऐटीत, सावकाश जातो, तो यामुळेच.

इटलीतल्या गॅलिलिओलाही हेलकाव्यांचं असंच वेड होतं. 1602 साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलं, की हेलकावा लहान असो वा मोठा, वेळ तेवढाच लागतो. छोट्या हेलकाव्यांसाठी हे अगदी बरोबर आहे. फार उंच गेलं तर वेळ थोडा वाढतो. पुढे 1656 मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सनं वेळ सारखाच राहण्याच्या याच गुणाचा उपयोग करून लंबकाचं घड्याळ बनवलं.

आता मोठ्या मुली झोका कसा चढवतात ते नीट बघा. दोघी समोरासमोर उभ्या राहतात. झोका उंच टोकाला पोचला की गुडघे वाकवून खाली बसतात आणि तळाशी आला की झटकन उभ्या राहतात. तळाशी झोका सर्वांत वेगात असतो, म्हणून तिथं अंग जड वाटतं. ते जड अंग वर उचलायला पायांना चांगलीच ताकद लावावी लागते. तीच ताकद झोक्याला मिळते आणि तो दर फेरीला आणखी उंच जातो. मागून कुणी ढकलायची गरजच नाही!

आता तुमच्यासाठी एक कामगिरी: झाडावर न चढता फांदीची उंची मोजायची! झोक्यावर एकाला शांत बसवा आणि हलकासा झोका द्या. त्यानं पाय हलवायचे नाहीत हं! दहा हेलकाव्यांचा वेळ मोजा. समजा, 40 सेकंद लागले. म्हणजे एका हेलकाव्याला 4 सेकंद. जितके सेकंद, त्यांना तितक्यानंच गुणा, म्हणजे इथं चाराला चारानं, आणि दर वेळी 4 नं भागा. उत्तर 4. म्हणजे फांदीपासून बसणाऱ्याच्या पोटापर्यंत अंतर झालं सुमारे 4 मीटर. पोट जमिनीपासून 1 मीटरवर असेल, तर फांदी 5 मीटर उंच!

मोजताना झोक्याच्या वाटेत मात्र उभं राहू नका, आणि दोर पक्का आहे ना, हे आधी एखाद्या मोठ्या माणसाकडून बघून घ्या. मग गल्लीतले सगळे झोके मोजा आणि कुणाच्या निंबाची फांदी सर्वांत उंच, ते ठरवून टाका!