गाडी विकली, पण नाव कुणाचं?

शेलूबाजारचंच उदाहरण घ्या. घरात एमएच-३७ ची जुनी गाडी आहे. मोबाईलवर फोटो टाकले, लिलाव लागला, बोली चढत गेली, आपण खूश! पण बोली म्हणजे सौदा नव्हे. नंतर माणूस तपासायला येतो, टायर, रंग, क्लच बघतो आणि भाव पाडतो. तोवर आपण कंटाळलेलो असतो. ‘जाऊ द्या, घेऊन जा’ म्हणतो. भाव पडला त्याचं दुःख होतं, पण खरा धोका पुढे असतो.

पैसे खात्यात आले, गाडी गेली. आरसीवर नाव मात्र तुमचंच! २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा खटला आला. २००७ मध्ये विकलेली गाडी हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला. न्यायालयानं भरपाईची जबाबदारी ठेवली ती पहिल्या विकणाऱ्यावर, कारण नोंदणी त्याच्याच नावावर होती.

मग करायचं काय? राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं. त्यासाठी नमुना २९, नाव बदलायला नमुना ३०. कर्ज फिटलं असेल, तर आधी नमुना ३५ देऊन बोजा उतरवायचा. गाडी अधिकृत व्यापारी घेत असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून नमुना २९-सीची सोय आहे. ती नोंद ऑनलाइन झाली की जबाबदारी त्याची.

म्हणून किल्ली देताना पैशाबरोबर कागदही मोजून घ्या.