गुटगुटीत बाळ : कौतुक आणि काळजी

चार किलो वा अधिक वजनाचे बाळ जन्मले की कौतुक होते. तथापि हे वजन नेहमीच सुदृढतेचे लक्षण नसते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून केलेल्या अभ्यासात ग्रामीण नवजातांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. मातेची वाढलेली रक्तशर्करा वारेतून गर्भास मिळून त्याच्या अंगी चरबी साठते. स्थूलता, पूर्वीचे मोठे बाळ व उलटून गेलेले दिवस हीही कारणे होत. प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा धोका संभवतो. म्हणून ढाणकी परिसरातील गर्भवतींनी पहिल्या भेटीत व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान साखर तपासून घ्यावी. आहार व औषधोपचाराने ती आटोक्यात राहते आणि प्रसूतीचे ठिकाणही वेळीच ठरविता येते.