आयएसबीएन : तेरा आकडे, पाच गैरसमज

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत. चाळीतल्या आठवणी कुणी लिहून काढल्या आणि स्वखर्चाने छापायला घेतल्या, की डीटीपी, प्रुफे, मुखपृष्ठ यांच्या धांदलीत एक प्रश्न हमखास येतो : "आयएसबीएन घेतला का?" पुस्तकाच्या या ओळख-नंबराविषयी माहिती कमी आणि ऐकीव गोष्टीच जास्त.

गैरसमज 1 : नंबर विकत घ्यावा लागतो.
वस्तुस्थिती : भारतात तो मोफत मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली, दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो देते. 2016 पासून अर्ज ऑनलाइन करता येतो आणि लेखकालाही स्वतःच्या नावाने करता येतो. अमेरिका-ब्रिटनमध्ये मात्र पैसे पडतात. इथे कुणी 'पॅकेज'मध्ये आयएसबीएनचे पैसे लावत असेल, तर ते अर्ज भरून देण्याचे, नंबराचे नव्हेत. शिवाय नंबर त्याच्या खात्यातून आला, तर नोंदीत प्रकाशक म्हणून नाव त्याचे लागते.

गैरसमज 2 : आयएसबीएन मिळाला की कॉपीराइट मिळाला.
वस्तुस्थिती : चाळीतल्या खोलीच्या नंबरावरून पत्र बरोबर पोचते, पण खोली कुणाच्या मालकीची ते ठरत नाही. तसेच हे. 1957 च्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क लिखाणाबरोबरच निर्माण होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर 60 वर्षे टिकतो.

गैरसमज 3 : नंबराशिवाय पुस्तक काढणे बेकायदा आहे.
वस्तुस्थिती : तसे बंधन नाही. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह प्रास प्रकाशनाने 1977 मध्ये काढला, तेव्हा भारतात ही संस्थाच नव्हती. ती 1985 ची. पण आज पुस्तक दुकानांत, ग्रंथालयांत आणि ऑनलाइन विकायचे, तर नंबर असलेला बरा.
कायद्याचे बंधन आहे ते वेगळेच, आणि तेच बहुतेकांना ठाऊक नसते. 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार, प्रकाशित झाल्यापासून 30 दिवसांत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. त्या तीन ग्रंथालयांत मुंबईचेही एक आहे. लेखकच प्रकाशक असेल, तर ही जबाबदारी त्याची.

गैरसमज 4 : एकदा घेतलेला नंबर सगळीकडे चालतो.
वस्तुस्थिती : कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी, ई-बुक, प्रत्येकाला स्वतंत्र नंबर लागतो. सुधारित आवृत्तीला आणि अनुवादालाही. मजकूर तोच ठेवून नुसते पुनर्मुद्रण केले, तर जुनाच नंबर राहतो. किंडलवरच्या ई-बुकला मात्र आयएसबीएनची सक्ती नाही. अ‍ॅमेझॉन आपला वेगळा क्रमांक देते. आणि दिवाळी अंकाचे काम याने भागत नाही; नियतकालिकांसाठी आठ अंकी आयएसएसएन असतो.

गैरसमज 5 : आकडे कसेही पडलेले असतात.
वस्तुस्थिती : 2007 पासून नंबर तेरा अंकी झाला, आधी तो दहा अंकी होता. सुरुवातीचे 978 पुस्तकाची खूण, पुढचे 81 किंवा 93 भारताची. मग प्रकाशक, मग पुस्तक, आणि शेवटचा एक अंक पडताळणीचा.
समजा, नंबर 978-93-00000-00-2 आहे. आकड्यांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणायचे : 9, 21, 8, 27, 3. बेरीज 68. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे 70 ला, 2 कमी. म्हणून शेवटी 2. छापताना 7 आणि 8 यांची अदलाबदल झाली, तर बेरीजच 70 होते, शेवटी 0 हवा ठरतो आणि चूक उघडी पडते.

तेव्हा फॉर्म स्वतःच्या नावाने, स्वतःच भरा. आणि फायनल प्रूफ हातात आले की मलपृष्ठावरचा बारकोड आणि आतल्या पानावरचा नंबर आकडा-आकडा ताडून बघा. छपाई झाल्यावर ते हातात राहत नाही.