वस्तुरचनेतील मानवसदृशता

वस्तुरचनेतील मानवसदृशता म्हणजे वापरातील वस्तूंना हेतुपुरस्सर किंवा नकळत आलेले मानवी चेहऱ्याचे वा शरीराचे रूप. असे रूप दिसताच पाहणाऱ्याची नजर डोळ्यांसारख्या भागाकडे ओढली जाते आणि वस्तूला स्वभावही चिकटवला जातो. निर्जीव आकारात चेहरा दिसणे हा पॅरिडोलियाचा प्रकार होय. मराठी भाषेत ही दृष्टी पूर्वीपासून मुरलेली आहे: घागरीला तोंड, गळा व पोट असते, कपाला कान, तर नारळाला शेंडी आणि डोळेही.

== चेहऱ्याची जाणीव ==

वर दोन ठिपके व खाली एक, एवढ्यावर चेहरा उभा राहतो; मात्र हा क्रम मोडून चालत नाही. अमेरिकी विद्युत सॉकेट चकित चेहऱ्यासारखे दिसते. भारतीय तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मोठे छिद्र वर असल्याने तो चेहरा उलटा होतो व सहसा जाणवत नाही. चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतील भागाचे वर्णन नॅन्सी कॅनविशर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केले. मोटारीचे दिवे डोळ्यांसारखे आणि जाळी तोंडासारखी वाटते. अरुंद दिव्यांची गाडी अनेकांना रागीट भासते.

साम्य वाढवत नेले की आपुलकी वाढतच जाते, असे नाही. जवळजवळ माणसासारख्या, पण पुरत्या माणसासारख्या नसलेल्या यंत्राविषयी किळस वा भीती उत्पन्न होते, हे जपानी अभियंता मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले. वृद्धांच्या सोबतीसाठी केलेल्या यंत्रांत हा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण चेहरा पाहून यंत्राला समज आहे असा ग्रह सहज होतो.

== धाराशिव जिल्हा व मराठवाडा ==

तेर (प्राचीन तगर) येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेई येथील मूर्तीशी साम्य दाखवते. अशा मूर्ती आरशाची मूठ म्हणून वापरल्या जात असाव्यात, असा एक तर्क आहे.

भाद्रपदातील महालक्ष्म्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. कोठीला साडी नेसवली तरी मुखवटा बसेपर्यंत ती कोठीच असते. मुखवटा चढताच घरातील माणसे आवाज खाली आणतात.

तेरखेडा परिसरात ज्वारीच्या राखणीसाठी उभारलेल्या बुजगावण्याच्या मडक्यावर चुन्याने डोळे काढले की वाटसरूही क्षणभर थबकतो. पाखरे मात्र न हलणाऱ्या आकृतीला थोड्याच दिवसांत सरावतात आणि तिच्याच खांद्यावर बसून कणसाकडे पाहतात. म्हणून शेतकरी बुजगावण्याची जागा अधूनमधून बदलतो.